पिनपिनच्या छापखान्यापासून जपानी ‘जोशी’पर्यंत

1630 साली मनिलात एक जाडजूड जपानी शब्दकोश छापून झाला. नागासाकीत जेझुइट पाद्र्यांनी 1603 मध्ये काढलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशाची ही स्पॅनिश आवृत्ती. छापणाऱ्यांत होता तोमास पिनपिन, अस्सल टागालोग माणूस. टागालोग हे फिलिपिन्समधल्या मनिला परिसरातल्या लोकांचं नाव आणि त्यांच्या भाषेचंही. याच पिनपिनने वीस वर्षांपूर्वी, 1610 मध्ये, आपल्या लोकांना स्पॅनिश शिकता यावी म्हणून टागालोगमध्येच एक पुस्तक लिहिलं होतं. शिकणाऱ्याच्या भाषेतून सुरुवात करायची, हे त्याला पक्कं कळलेलं होतं. जपानी कोश मात्र स्पॅनिश मिशनऱ्यांसाठी होता. मनिलाच्या दिलाओ भागात तेव्हा जपानी वस्ती होती. ख्रिस्ती धर्म सोडला नाही म्हणून देशाबाहेर घालवलेला सरदार ताकायामा उकोन 1614 मध्ये याच शहरात आला होता. टागालोग आणि जपानी एकाच गावात नांदत होत्या, पण कागदावर दोघींच्या मध्ये तिसरीच भाषा उभी होती.

दुसऱ्या महायुद्धात जपानी भाषा फिलिपिन्समध्ये जपानी लष्कराबरोबर आली. 1942 ते 1945 या काळात ती शाळांतून सक्तीने शिकवली गेली आणि लष्कर हटताच गेलीही. ती पुन्हा आली ती पोटापाण्याच्या वाटेने. जपान आणि फिलिपिन्समधला आर्थिक भागीदारी करार 2006 मध्ये झाला, 2008 च्या डिसेंबरात लागू झाला आणि 2009 पासून फिलिपिनो परिचारिका जपानी रुग्णालयांत जाऊ लागल्या. तिथे कायम राहायचं तर राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यायची. 2010 मध्ये अशा करारांखाली आलेल्या 254 इंडोनेशियन आणि फिलिपिनो उमेदवारांपैकी उत्तीर्ण झाले तीन, त्यात फिलिपिन्सची एकच. हे उमेदवार मायदेशी शिकलेले, अनुभवी परिचारक-परिचारिका होते. त्यांना अडवलं ते भाषेने. अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमेला बोलीत ‘तोकोझुरे’ म्हणतात, वैद्यकीय जपानीत ‘जोकुसो’. असे शब्द निदान पाठ करता येतात. वाक्याची घडण पाठ करून येत नाही.

टागालोग वाक्य क्रियापदाने सुरू होतं: ‘किनाइन नांग बाता आंग मांगा’, म्हणजे शब्दशः ‘खाल्ला मुलाने आंबा’. ‘नांग’, ‘आंग’, ‘सा’ हे छोटे शब्द नामाच्या आधी बसतात. जपानीत सगळं उलटं. क्रियापद शेवटी, आणि नामाचं वाक्यातलं नातं सांगणारे शब्द नामाच्या मागून. त्यांना जपानीत ‘जोशी’ म्हणतात, म्हणजे साहाय्य करणारे शब्द. ‘मुलाने आंबा खाल्ला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा क्रम घरचाच वाटतो. टागालोग भाषकाला वाक्य शेपटाकडून बांधायला शिकावं लागतं.

सगळ्यात जास्त दमवतो तो ‘सा’. ‘नाकातिरा आको सा मायनिला’ म्हणजे मी मनिलात राहतो. ‘नागतातराबाहो आको सा मायनिला’ म्हणजे मनिलात काम करतो. ‘पुपुन्ता आको सा मायनिला’ म्हणजे मनिलाला जाणार आहे. तिन्हीकडे ‘सा’ एकच. जपानीत राहायला ‘मनिरा नि’, काम करायला ‘मनिरा दे’, जायला ‘मनिरा ए’ किंवा पुन्हा ‘नि’. नुसतं असणं आणि काही करणं यांसाठी जागेचा प्रत्यय बदलतो, हे भान ‘सा’ वापरताना कधी ठेवावंच लागत नाही. पहिल्या दोन ठिकाणी आपणही ‘मनिलात’च म्हणतो, त्यामुळे ‘नि’ की ‘दे’ हा घोळ मराठी विद्यार्थ्याचाही होतो.

‘वा’ या जोशीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे टागालोगच्या पदरात मोठं भांडवल पडून आहे. ‘वाताशी वा कांगोशी देसु’, मी परिचारिका आहे. लिहिण्यातल्या टागालोगमध्ये ‘आको आय नार्स’. फिलिपिन्समध्ये शिक्षणाचा बराच भाग इंग्रजीतून होतो, त्यामुळे ‘आय’ म्हणजे ‘इज’ असं मनात घट्ट बसलेलं असतं. वास्तविक ‘आय’ हे क्रियापदच नव्हे. ज्याच्याविषयी बोलायचं ते पुढे आणलं आणि बाकीचं आता सांगतो, एवढीच ती खूण. ‘वा’चं कामही जवळपास तेच. इंग्रजीतून आलं की ‘वा’ म्हणजे कर्ता असं वाटतं आणि मग कर्ता दाखवणाऱ्या ‘गा’शी गोंधळ होतो, टागालोगमधून आलं तर निम्मी वाट चाललेलीच असते.

प्रश्न विचारून पाहा. ‘सिनो आंग कुमाइन नांग मांगा?’, आंबा कोणी खाल्ला? शब्दांमागची बांधणी अशी: ‘आंबा खाणारा तो, कोण?’ यातल्या ‘आंग’ने ठरलेली, ओळखीची गोष्ट दाखवली आणि नवं विचारलं ते ‘सिनो’ने. जपानीत सरळ विचारलं तर ‘दारे गा ताबेता?’, कोण हेच ठाऊक नाही, म्हणून ‘दारे’नंतर ‘वा’ चालतच नाही, ‘गा’च हवा. पण टागालोगसारखीच बांधणी करायची तर तीही आहे: ‘मांगो ओ ताबेता नो वा दारे?’ ‘आंग’च्या जागी ‘नो वा’, ‘सिनो’च्या जागी ‘दारे’. ‘सिनो’ टागालोगमध्ये पहिला, ‘दारे’ जपानीत शेवटचा.