ऐन थंडीत नदीतून बोटीने? त्यामागची गोष्ट

अमेरिकेतल्या ओहायो, टेनेसी या नद्यांवरच्या जुन्या प्रवासांच्या तारखा बघितल्या की पहिला प्रश्न हाच पडतो, की ही माणसं डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात बायकापोरं घेऊन नदीत कशाला उतरायची? वेड लागलं होतं का? तर नाही, कारण अगदी साधं होतं, पाणी. तेव्हा या नद्यांवर धरणं नव्हती, उन्हाळा संपेपर्यंत पाणी इतकं उतरायचं की बोट तळाला घासायची, मग पुढे पाऊस झाला की नदी चढायची, आणि तोवर शेतातला मालही निघालेला असायचा. पाणी हवं तर थंडी सोसा, असा सगळा मामला.

बोट म्हणजे तरी काय, फ्लॅटबोट, सपाट तळाची लाकडी पेटीच म्हणा. लांब वल्ह्यांनी दिशा तेवढी द्यायची, बाकी धार नेईल तिकडे. धारेविरुद्ध ती परत आणणं जवळपास अशक्य, म्हणून मुक्कामाला पोचलं की फळ्या सुट्या करून विकायच्या नाहीतर घराला वापरायच्या.

माझ्या डोक्यात कायम राहिलेला प्रवास जॉन डोनेल्सनचा. हा 22 डिसेंबर 1779 ला, पुढे टेनेसीला मिळणाऱ्या होल्स्टन नदीवरच्या फोर्ट पॅट्रिक हेन्रीहून 'ॲडव्हेंचर' नावाची बोट घेऊन निघाला, वस्ती करायला जायचं होतं फ्रेंच लिकला, म्हणजे आजच्या नॅशव्हिलला. आणि निघाल्या निघाल्या थोड्याच अंतरावर अडकला! त्याच्या डायरीत कारण लिहिलंय, पाणी उतरलं आणि भयंकर कडाका पडला. खरा प्रवास पुढे सरकला तो फेब्रुवारी संपता संपता. गंमत बघा, त्याचा जोडीदार जेम्स रॉबर्टसन गुरंढोरं घेऊन जमिनीवरून गेला होता आणि त्याच कडाक्याने कंबरलँड नदी गोठली, तर हे लोक जनावरांसकट बर्फावरून चालत पलीकडे पोचलेसुद्धा. रॉबर्टसनची बायको शार्लट मात्र मुलांसोबत डोनेल्सनच्या ताफ्यातल्या बोटींवर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली डायरीतली एक नोंद वाचून मी थांबलोच. हचिंग्ज नावाच्या कॅप्टनकडचा एक कृष्णवर्णीय माणूस पाय गारठून, हिमदंशाने मेला, एवढीच नोंद. कॅप्टनचं नाव आहे, मेलेल्याचं नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी तिथल्या चिकामॉगा या मूळनिवासी लोकांचा हल्ला. देवी आलेलं एक कुटुंब, जवळपास 28 माणसं, लागण होऊ नये म्हणून सगळ्यांच्या मागून येत होतं, ती बोट हल्लेखोरांच्या तावडीत सापडली, पुढच्यांना किंकाळ्या ऐकू येत होत्या पण उलट्या धारेला मागे जाणार कसं? आणखी एक बोट खडकावर बसली, ती हलकी करायला सामान पाण्यात फेकताना आदल्या रात्रीच जन्मलेलं बाळ गेलं.

बरं, टेनेसी नदी संपली तरी सुटका नाही, कारण तिथून ओहायोत आणि मग कंबरलँडमध्ये वरच्या अंगाला, म्हणजे धारेविरुद्ध जायचं होतं, आणि आता नदी भरून वाहत होती. ज्या पाण्याची वाट बघितली तेच आडवं आलं. काही कुटुंबांनी तिथेच नाद सोडला आणि धारेबरोबर दुसरीकडे गेली. बाकीचे 24 एप्रिल 1780 ला पोचले. बोटीवर डोनेल्सनची लहान मुलगी रेचल होती, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनची बायको झाली ती हीच.

वाफेचं इंजिन आल्यावर हे सगळं संपलं असेल असं वाटतं ना? 1811 च्या ऑक्टोबरमध्ये 'न्यू ऑर्लिन्स' ही आगबोट पिट्सबर्गहून निघाली, या नद्यांवरची पहिलीच, आणि लुईव्हिलच्या खडकाळ उतारापाशी येऊन थांबली. इंजिन होतं, पण उतार पार करण्याइतकं पाणी नव्हतं. बोट बांधून घेणाऱ्या निकोलस रूझवेल्टची बायको लिडिया तिथेच बाळंत झाली, आणि बोट उताराखाली गेली ती डिसेंबरात, नदी चढल्यावरच.