डिडक्टिबल आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम: एकदाचं नीट समजून घ्या

नोकरी सुटली की अमेरिकेतली आपली माणसं मार्केटप्लेसवर, म्हणजे आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारात, प्लॅन बघायला बसतात आणि या दोन आकड्यांची खिचडी करतात. दर नोव्हेंबरात मला तेच फोन येतात.

डिडक्टिबल गाडीच्या विम्यामुळे सगळ्यांना पाठ आहे. आधी ठरलेली रक्कम आपण भरायची, मग कंपनी. या 'मग कंपनी'चा अर्थ लोक 'मग सगळं कंपनी' असा घेतात. तसं नसतं. समजा ब्रॉन्झ पातळीचा प्लॅन आहे, डिडक्टिबल ७,५०० डॉलर आणि पुढे निम्मा वाटा तुमचा. बिल १०,००० झालं, तर तुमचे गेले ८,७५०. मॅक्सिमम, म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा, गाठेपर्यंत हे चालू राहतं; त्यापुढे मात्र सगळं कंपनी. २०२५ साली कायद्याने ती मर्यादा एका माणसाला जास्तीत जास्त ९,२०० होती. प्रीमियम वेगळा, तो यात धरत नाहीत.

इथवर नुसती बेरीज आहे. खरी मेख 'मॅक्सिमम' या शब्दात आहे. तो नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या) आणि प्लॅनला मान्य असलेल्या उपचारांपुरताच. नोकरीतल्या पीपीओ प्रकारच्या प्लॅनमध्ये नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचेही थोडेफार मिळायचे. मार्केटप्लेसवर बहुतेक एचएमओ नाहीतर ईपीओ, म्हणजे फक्त नेटवर्कपुरते प्लॅन. इमर्जन्सी सोडली तर बाहेर गेलात की सगळा खर्च तुमचा, आणि तो कुठल्याच मर्यादेत धरला जात नाही.

मी गुडघ्याच्या एमआरआयआधी फोन करून विचारलं होतं, "ही इन्शुरन्स घेता ना?" "हो हो, घेतो." ते कंपनीबद्दल बोलत होते. त्याच कंपनीच्या माझ्या मार्केटप्लेस प्लॅनचं नेटवर्क वेगळं, छोटं, आणि हे सेंटर त्यात नव्हतं. १,४०० डॉलर भरले. पोर्टलवर डिडक्टिबलचा काटा जागचा हलला नाही. तेव्हापासून मी कार्डावरचं प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवते आणि "या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का?" असंच विचारते. कंपनीच्या वेबसाइटवरच्या डॉक्टरांच्या यादीवर माझा काडीचा विश्वास नाही.

ब्रॉन्झ-सिल्व्हर या प्लॅनच्या पातळ्यांचा उपचारांच्या दर्जाशी संबंध नाही, खर्चाच्या वाटणीशी आहे. उत्पन्न कमी असेल तर सिल्व्हरच घ्या. डिडक्टिबल आणि मॅक्सिमम दोन्ही खाली आणणारी सवलत फक्त त्यातच मिळते.

आणि डिसेंबरात ऑपरेशन ठरवत असाल, तर फिजिओथेरपी जानेवारीत येईल. १ जानेवारीला दोन्ही काटे पुन्हा शून्यावर.