सर्व्हर रूममधले ‘२२ अंश’ नेमके कुठले?

मेनफ्रेमच्या काळापासून सर्व्हर रूमचा एसी खोलीतून परत येणारी हवा, म्हणजे रिटर्न एअर, मोजूनच चालत आला. सेन्सर यंत्रातच बसवलेला असे आणि कॉम्प्रेसर एकाच वेगाचा, त्यामुळे ऑन-ऑफ पद्धत आपसूक ठरली. एक-दोन अंशांचा डेडबँड, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या तापमानांमधले अंतर, पुरे व्हायचा; तो अरुंद केला की कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर निकामी होई.

पुढचा सगळा घोळ ‘सेटपॉइंट’, म्हणजे कंट्रोलरला नेमून दिलेले तापमान, या शब्दाने घातला. थंड आणि गरम हवा खोलीभर मिसळत होती तोवर रिटर्नचे २२ चालून गेले. हॉट आइल, म्हणजे सर्व्हरच्या मागची गरम हवेची गल्ली, बंदिस्त झाल्यावर मात्र हिशेब बदलला. सर्व्हर हवेला १० ते १२ अंशांनी तापवतो. म्हणजे रिटर्न २२ हवे तर पुरवठा १०-१२ अंशांचा करावा लागतो. ५० टक्के आर्द्रतेच्या २२ अंशी हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण ११ आहे. त्यामुळे एसीच्या थंड कॉइलवर पाणी सुटते आणि शेजारचे यंत्र तीच ओल ह्युमिडिफायरने परत भरते. वीज दोन्हीकडे जळते. अ‍ॅश्रे (ASHRAE) या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची २००४ची २० ते २५ आणि २००८ची १८ ते २७ अंश ही शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी होती. तरी अनेक ठिकाणी हे आकडे रिटर्नच्या कंट्रोलरमध्ये भरले गेले. पॅनेलवर रिटर्न ३५ दिसले की हात सेटपॉइंट खाली ओढतो, पण ते ३५ योग्यच असते.

पीआयडी (आत्ताची चूक, साठत गेलेली चूक आणि तिच्या बदलाचा वेग या तिन्हींवरून दुरुस्ती करणारे नियंत्रण) की बदलाचा वेग वगळणारे साधे पीआय, हा वाद त्यानंतरचा. थंड पाण्याच्या व्हॉल्व्हने पुरवठ्याचे तापमान आणि पंख्याने, जिच्यातून थंड हवा येते त्या पोकळ फरशीखालचा दाब सांभाळावा. दोघांना एकाच तापमानाच्या मागे लावले तर ते एकमेकांशी झुंजतात. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते, म्हणून पंख्याचा हा लूप (मोजून सतत दुरुस्त करणारे नियंत्रण) नीट बसवण्यात खरी कमाई आहे. कंट्रोलरचे आकडे बसवण्याचा १९४२चा प्रसिद्ध झिग्लर-निकोल्स ट्यूनिंग नियम मुद्दाम थोडे हेलकावे राहू देतो. अनेक यंत्रांच्या खोलीत गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, त्याच्या निम्म्यापासून सुरू करावा. डी, म्हणजे बदलाच्या वेगाचा भाग, शून्यच ठेवावा, कारण सेन्सरच्या एकेका अंशाच्या उडीला तो झटका देतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की इंटिग्रल, म्हणजे साठत गेलेल्या चुकीचा भाग, तिथेच थांबवावा, नाहीतर लोड उतरल्यावरही थंडावा चालूच राहतो.

२०२१मध्ये त्याच संस्थेच्या शिफारशीत दाट रॅकसाठी १८ ते २२ असा वेगळा वर्ग आला. तो आकडाही सर्व्हरच्या तोंडाशीच मोजायचा आहे, म्हणून लॉगबुकात नुसते ‘२२’ न लिहिता ‘इनलेट २२’ लिहावे.