शिकागोत मोजलेली झोप

“या वयात झोप कुठली आलीय?” घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे ठरलेलं उत्तर. वय वाढलं की झोप उडते, हे सगळ्यांना ठाऊक. पण झोप मोडली तर वय लवकर चढतं का? हा उलटा प्रश्न प्रयोगशाळेत पोचायला फार उशीर झाला. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलं होतं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक संशोधकांना मात्र झोप म्हणजे रात्री शटर ओढलेलं दुकान वाटे. हा समज मोडण्यातले बरेच टप्पे एकाच विद्यापीठात घडले, ते शिकागोचं.

तिथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ नेथॅनिएल क्लाइटमन १९३८च्या जूनमध्ये ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत उतरले आणि ३२ दिवस तिथेच राहिले. उजेड कंदिलाचा, गारवा १२ अंशांच्या आसपास. उंदीर-झुरळं वर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत. दुभत्याच्या कपाटाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवत, तसलाच प्रकार. शरीराला २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, एवढंच पाहायचं होतं. विशीतला रिचर्डसन आठवडाभरात रुळला. त्रेचाळिशीतल्या क्लाइटमनच्या शरीराने २४ तासांचा हेका सोडला नाही. दोन माणसांवरून वयाबद्दल काही सिद्ध होत नाही हे खरं, पण खूण बोलकी होती.

त्यांच्याच हाताखालच्या युजीन अ‍ॅसेरिन्स्कीने १९५१च्या डिसेंबरात मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं एक जुनाट यंत्र दुरुस्त केलं आणि स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या तारा लावून झोपवलं. एका रात्रीला जवळपास अर्धा मैल कागद लागायचा. मूल गाढ झोपलेलं, आणि लेखण्या मात्र जागेपणी फिराव्यात तशा फिरू लागल्या. त्याला आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. बिघडलं नव्हतं. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत होते. १९५३ साली हे छापून आलं आणि शटरच्या आत रात्रभर काम चालतं, हे मान्य करावं लागलं.

काम कसलं, ते मात्र कळेना. १९८३ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन रेक्टशाफेन यांनी पाण्यावरच्या फिरत्या तबकडीवर उंदरांना जागतं ठेवलं. डोळा लागला की तबकडी फिरायची, न चालावं तर पाण्यात. उंदीर भरपूर खाऊनही खंगले आणि अखेर मेले. वाचवत नाही असा प्रयोग, पण त्यानंतर झोपेला चैन म्हणणं अवघड झालं.

वयाचा धागा पक्का पकडला तो तिथल्याच संशोधक एव्ह व्हॅन कॉटर यांनी. १९९९च्या त्यांच्या प्रयोगात ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास अंथरुणात मिळाले. तेवढ्यात त्यांच्या रक्तातली साखर निवळायला इतका वेळ लागू लागला, की असे बदल एरवी वय वाढताना दिसतात. झोप भरून काढल्यावर आकडे सुधारले. पुढच्या वर्षी त्यांनी १६ ते ८३ वयाच्या १४९ पुरुषांच्या झोपेची नोंद मांडली. पंचविशीपर्यंत एकूण झोपेतला सुमारे १९ टक्के भाग गाढ झोपेचा होता. ३६ ते ५० या वयात तो साडेतीन टक्क्यांच्याही खाली आलेला. वाढीचं संप्रेरकही त्याच चालीने उतरलेलं. म्हणजे गाढ झोप म्हातारपणाची वाट पाहत बसत नाही, ऐन संसाराच्या धबडग्यातच ती बहुतेक संपलेली असते. या नोंदी फक्त पुरुषांच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

झोपेत मेंदू कचरा धुऊन काढतो, हे आता जिकडेतिकडे छापलं जातं. त्याचा उगम २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगात आहे. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांमध्येच नेमकं उलटं दिसलं: झोपेत ही सफाई मंदावते. तो वाद अजून मिटलेला नाही.