टायगर्सनी स्मोल्ट्झला फुकट घालवलं नव्हतं

ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉईट टायगर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने जॉन स्मोल्ट्झ हा २० वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) अटलांटा ब्रेव्ह्ज या संघाला दिला आणि बदल्यात ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. पुढे स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, आणि हा सौदा निव्वळ मूर्खपणा होता असं आजवर सांगितलं जातं. हा टायगर्सवर अन्याय आहे.

जेतेपदाची शर्यत ऐन रंगात होती. पिचर तेव्हाच हवा होता. अलेक्झांडरने ११ सामन्यांत सुरुवात केली, ९ जिंकले, एकही हरला नाही. दर नऊ डावांमागे त्याच्या नावावर सरासरी फक्त १.५३ धावा लागल्या. मोसमाअखेर टायगर्सचे ९८ विजय झाले, त्याच विभागातल्या टोरांटोचे ९६. विभाग जिंकला तो एवढ्याशा फरकाने, आणि अलेक्झांडरशिवाय तो हाती लागला असता असं मला मुळीच वाटत नाही. त्यानंतरच्या बाद फेरीच्या मालिकेत मात्र तो दोन्ही सामने हरला आणि मिनेसोटाने टायगर्सना बाहेर काढलं, हेही खरं.

आणि स्मोल्ट्झ? तो तेव्हा मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य लीगखालच्या स्पर्धेत, तिथेही वरून दुसऱ्या डबल-ए स्तरावर होता: ४ विजय, १० पराभव. मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला १९९६ मध्ये, सौद्यानंतर ९ वर्षांनी.