डॉक्टर येईपर्यंत

आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेचं काम काय, याचं उत्तर कित्येक दशकं दोन शब्दांत दिलं जायचं: डॉक्टर येईपर्यंत. डॉक्टर येईपर्यंत जखम दाबून धरायची, नाडी बघत राहायचं, रक्ताने चिकटलेले कपडे कापून काढायचे, नातेवाइकांना दाराबाहेर थोपवायचं. डॉक्टर आले की दोन पावलं मागे. आज ज्याला आपत्कालीन परिचर्येचं कौशल्य म्हणतात, त्यातलं बरंचसं या मधल्या वेळात, कुणी रीतसर परवानगी दिलेली नसताना घडलं. परवानगी मागाहून आली. म्हणून या शाखेचा इतिहास यंत्रांच्या आणि औषधांच्या क्रमाने मांडण्यापेक्षा, कुठलं काम करायची मुभा परिचारिकेला केव्हा मिळाली या क्रमाने मांडला, तर जास्त उलगडतो.

सुरुवात रणांगणावर होते. ‘ट्रायाज’, म्हणजे कुठल्या रुग्णाला आधी बघायचं याची निवड, हा शब्द फ्रेंच भाषेतल्या निवडणं, प्रतवारी लावणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक-जाँ लारे याने १७९० च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच जखमींपर्यंत नेल्या. हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, हा त्याचा नियम. ज्याला जास्त लागलंय तो आधी, मग तो साधा शिपाई का असेना. १८४६ मध्ये ब्रिटिश आरमारातला शल्यविशारद जॉन विल्सन याने वेगळंच म्हटलं: ज्यांचा जीव शस्त्रक्रियेने वाचण्याची शक्यता आहे त्यांच्याकडे आधी वळा, किरकोळ जखमी थांबू शकतात, आणि जे बहुधा वाचणार नाहीत त्यांनाही थांबवावं लागेल. ऐकायला क्रूर वाटतं. पण आपत्कालीन विभागात आजही हे दोन्ही नियम नांदतात. एरवी लारेचा चालतो, आणि एकाच वेळी पन्नास-साठ जखमी येतात त्या दिवशी विल्सनचा. एका नियमावरून दुसऱ्यावर नेमकं कधी जायचं, हे ओळखण्याची वेळ बहुतेकदा दारात पहिल्यांदा भेटणाऱ्या सिस्टरवरच येते.

क्रिमियन युद्धाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, आणि बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या आल्या आणि मृत्यू घटले, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथले मृत्यू वाढले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि मग आकडा झपाट्याने खाली आला. युद्धानंतर ही गोष्ट खुद्द नाइटिंगेल यांनी आकडेमोड करून ताडली आणि जगापुढे मांडली, हा त्यांचा मोठेपणा. हातात दिवा घेतलेलं त्यांचं चित्र घरोघर गेलं. मला त्यांच्या वह्या जास्त महत्त्वाच्या वाटतात: स्वयंपाकघर, धोबीखाना, साठ्याचा हिशोब, कोण कधी कशाने दगावलं याची नोंद. प्रभारी परिचारिकेचं अर्धं काम अजूनही हेच आहे.

त्याच युद्धात समोरच्या रशियन बाजूला, सेवास्तोपोलमध्ये, निकोलाय पिरोगोव्ह हा शल्यविशारद जखमींची गटवारी करत होता. त्याच्याबरोबर राजघराण्यातल्या येलेना पावलोव्हना यांनी १८५४ मध्ये उभारलेल्या संघातल्या भगिनी होत्या. पिरोगोव्हने त्यांच्यात काम वाटून दिलं. मलमपट्टी करणाऱ्या वेगळ्या, औषधं सांभाळणाऱ्या वेगळ्या, साठा आणि व्यवस्था बघणाऱ्या वेगळ्या. परिचारिका म्हणजे सगळं थोडंथोडं करणारी बाई, हा समज तिथे एकदा मोडला होता.

पहिल्या महायुद्धात परिचारिका आघाडीच्या आणखी जवळ गेल्या. ब्रिटिश सैन्याच्या ‘कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन’मध्ये, म्हणजे आघाडीमागच्या तात्पुरत्या रुग्णालयात, तोफांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, त्या शस्त्रक्रियेच्या पथकांत होत्या. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१८ मध्ये काही ब्रिटिश सिस्टरना फ्रान्समध्ये भूल द्यायचं शिक्षण दिलं गेलं. त्यांनी ते काम निभावलं. युद्ध संपलं, त्या मायदेशी परतल्या आणि भूल देणं पुन्हा फक्त डॉक्टरांचं झालं. अमेरिकेत मात्र परिचारिकांनी भूल देण्याची प्रथा टिकली. तिला न्यायालयात आव्हान मिळालं, आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शल्यविशारदाच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणं म्हणजे बेकायदा डॉक्टरी नव्हे, असा निकाल दिला. काम तेच, आणि एका देशात ते काढून घेतलं गेलं तर दुसऱ्या देशात निकालपत्राने पदरात पडलं.

शांततेच्या काळातल्या रुग्णालयांनी युद्धातून फार काही उचललं नाही. ‘कॅज्युअल्टी’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा होता. ब्रिटनमधल्या मोठ्या रुग्णालयांत या नावाचा विभाग एकोणिसाव्या शतकापासून होता आणि तिथे गर्दी अशी, की लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट ब्रिजेस या डॉक्टरने १८७८ मध्ये हिशोबच मांडला: एका रुग्णाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. (हेच ब्रिजेस पुढे डॉक्टरी सोडून ब्रिटनचे राजकवी झाले.) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसं बदललं नव्हतं. तिथे बसायचा तो सगळ्यात नवखा डॉक्टर, किंवा आळीपाळीने दुसऱ्या विभागातून धाडलेला. तो काही आठवड्यांनी बदलायचा. सिस्टर बदलायची नाही. कुठल्या कपाटात काय आहे, छातीत दुखतंय म्हणणाऱ्यांपैकी कोणाचा रंग वाईट आहे, दारू प्यायलेला माणूस नुसता झिंगलाय की त्याच्या डोक्याला मार बसलाय, हे तिला ठाऊक असायचं. १९६२ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटनमध्ये ‘कॅज्युअल्टी’ऐवजी ‘अपघात व आपत्कालीन विभाग’ हे नाव सुचवलं आणि तिथे वरिष्ठ डॉक्टर नेमावेत असं म्हटलं. नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी कॅज्युअल्टीच राहिली.

खरं वळण १९६० नंतरच्या दहा वर्षांतलं आहे, आणि ते आपत्कालीन विभागात नव्हे, हृदयरोग कक्षात सुरू झालं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन हृदय चालू ठेवता येतं, हे प्रसिद्ध केलं. तोवर थांबलेलं हृदय चालवायचं तर छाती चिरावी लागे, म्हणजे शल्यविशारद हवाच. आता दोन हात पुरत होते. विजेचा झटका देऊन हृदयाची थरथर थांबवणारं यंत्रही आलं होतं. पण थरथर सुरू झाल्यावर झटक्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर पलीकडच्या इमारतीत झोपलेला असेल, तर त्याला उठवून आणेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असे.

उपाय साधा होता आणि तेव्हा तो धाडसाचा वाटला: झटका परिचारिकेने द्यायचा. डॉ. ह्यूज डे यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हृदयरोग्यांसाठी वेगळा कक्ष उघडला. पाठोपाठ लॉरेन्स मेल्ट्झर यांनी फिलाडेल्फियात, रोझ पिनेओ या परिचारिकेला सोबत घेऊन, असा कक्ष उभारला, जिथे पडद्यावरची हृदयाची लय वाचणं, तिचा अर्थ लावणं आणि डॉक्टरची वाट न बघता झटका देणं हे परिचारिकेच्या कामाचा भाग होतं. कक्षाचा सगळा डोलाराच त्यावर उभा होता. निदान करणं आणि उपचाराचा निर्णय घेणं ही फक्त डॉक्टरची कामं, या भिंतीला तिथे तडा गेला, आणि तो पुढे आपत्कालीन विभागापर्यंत पोचला.

तिकडे त्या विभागातही हालचाल सुरू होती. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया रुग्णालयात जेम्स मिल्स हे डॉक्टर आणि त्यांचे तीन सहकारी आपापलं खासगी काम सोडून पूर्ण वेळ आपत्कालीन विभागात बसू लागले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाने दुर्लक्षिलेला आजार आहे, असा कडक अहवाल काढला. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांची संघटना १९६८ मध्ये झाली. परिचारिकांची कहाणी मला जास्त लोभस वाटते, कारण तिच्यात एक गाडी आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात मेयर मेमोरियल रुग्णालयात अनिता डॉर आपत्कालीन विभागाच्या पर्यवेक्षक होत्या. अत्यवस्थ रुग्ण आला की अर्धा वेळ सामान गोळा करण्यात जातो, हे त्या रोज बघत होत्या. नळी एका कपाटात, औषध दुसऱ्यात, सुया तिसरीकडे. सहकाऱ्यांसोबत बसून त्यांनी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी केली, कुठल्या प्रक्रियेला काय लागतं तसे गट पाडले, आणि १९६७ च्या सुमारास नवऱ्याच्या मदतीने घराच्या तळघरात चाकांची एक गाडी बनवली. तिला लाल रंग दिला. अशा गाडीचा पहिला मान कुणाचा, यावर वाद आहे. कॅन्सस सिटीत आणि इतरत्रही त्याच दशकात अशा गाड्या झाल्या. माझ्या मते हा वाद गौण आहे. एकच अडचण वेगवेगळ्या ठिकाणी रोज सोसणाऱ्यांना एकच उत्तर सुचावं, यात काही विशेष नाही. आज जिला क्रॅश कार्ट म्हणतात ती प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला कुलूप-सील बघून तपासली जाते, आणि हे तपासणं कंटाळवाणं असतं. पण ज्या दिवशी ते राहून जातं, नेमक्या त्याच दिवशी श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही, हे कुठल्याही सिस्टरला विचारावं.

डॉर यांच्यासारखीच खटपट कॅलिफोर्नियात जुडिथ केलेहर करत होत्या. आपत्कालीन विभागात काम करणाऱ्यांना वेगळं शिक्षण हवं आणि ते मिळत नाही, ही दोघींची तक्रार. दोघी एकत्र आल्या आणि १९७० मध्ये आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. डॉर १९७२ मध्ये वारल्या. संघटनेने १९८० मध्ये प्रमाणपत्राची पहिली परीक्षा घेतली, आणि १९८५ मध्ये नावातला ‘विभाग’ हा शब्द काढून टाकला. काढून टाकण्यामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे: आपत्कालीन परिचर्या म्हणजे एक खोली नाही, एक विद्या आहे. रुग्णवाहिकेत, हेलिकॉप्टरमध्ये, कारखान्यातही ती लागते.

हाताला मुभा मिळाली, तरी जिभेला मिळायला वेळ लागला. १९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्याने डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात चालणारा एक खेळ वर्णन केला: परिचारिकेने सल्ला द्यायचा, पण दिला असं दिसू द्यायचं नाही; डॉक्टरने तो घ्यायचा, पण विचारला असं दिसू द्यायचं नाही. ‘याआधी अशा वेळी अमुक औषध लागू पडलं होतं, डॉक्टर,’ असं हळूच म्हणायचं आणि गप्प बसायचं. वॉर्डात रात्रभर वेळ असतो तेव्हा हा खेळ निभतो. कॅज्युअल्टीत श्वास अडकलेल्या माणसापाशी तो जीवघेणा ठरतो.

यावरचं औषध वैद्यकाने दुसऱ्यांकडून आणलं. १९७७ मध्ये स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दुसरं विमान धावपट्टीवरून हटलंय का, ही शंका कॉकपिटमधल्या कनिष्ठाने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठाने ठामपणे बोलावं आणि वरिष्ठाने ऐकावं, याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. ते पुढे रुग्णालयांत आलं. अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांवरून बोलण्याचा एक सुटसुटीत साचा आला: आत्ता काय घडतंय, मागची हकीकत काय, मला काय वाटतं, काय करावं. यातला तिसरा आणि चौथा भाग सिस्टरने उघड बोलायचा, हीच खरी क्रांती. स्टाइनच्या खेळात नेमके तेच दोन भाग गिळावे लागत होते.

दारातल्या निवडीलाही एव्हाना शिस्त आली होती. पूर्वी तीन वर्ग असायचे, तेही अंदाजपंचे. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधलं मँचेस्टर, कॅनडा आणि अमेरिका यांनी एकामागून एक पाच पायऱ्यांच्या पद्धती काढल्या. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत पहिल्या वर्गाला तत्काळ, दुसऱ्याला १० मिनिटांत, तिसऱ्याला ३०, चौथ्याला ६० आणि पाचव्याला १२० मिनिटांत उपचार सुरू व्हायला हवेत. अमेरिकेच्या पद्धतीत वेगळाच प्रश्न आहे: या माणसाला किती तपासण्या आणि उपचार लागतील? त्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही, शेकडो रुग्ण पाहिल्यावर सुचू लागतं. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून निष्णातापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात हाच मुद्दा होता. निष्णात परिचारिकेला आधी काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, कारण नंतर सापडतं. तिची ही जाणीव बेनर यांनी ज्ञान म्हणून नोंदवली. तोवर तिला ‘सिस्टरचा अंदाज’ म्हणत.

नेतृत्वाबद्दल बोलताना बहुतेक जण मोठ्या दुर्घटनेचं उदाहरण देतात. मला रोजची पाळी जास्त बोलकी वाटते. प्रभारी सिस्टरकडे फळा असतो: कोण कुठल्या खाटेवर, कोणाला वर वॉर्डात जागा मिळालेली नाही, कोण चार तास बाहेर बसलाय आणि आता त्याचा वर्ग बदलायला हवा का, कुठल्या नव्या मुलीने आज पहिला मृत्यू पाहिला आणि तिला दहा मिनिटं चहाला पाठवायला हवं. स्वतः कुठल्याही रुग्णाला हात न लावता सगळ्यांवर नजर ठेवणं हे तिचं काम. आणि माणसं कमी पडली की आधी बळी जातो तो याच मोकळेपणाचा.

त्या फळ्यावरचे आकडे कधी खोटेही लिहिले जातात. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांत दाखल करावं, दुसरीकडे हलवावं किंवा घरी पाठवावं, असं उद्दिष्ट होतं. स्टॅफर्डच्या रुग्णालयात ते गाठल्याचं दाखवण्यासाठी प्रतीक्षेच्या वेळा बदलल्या जात होत्या. तिथल्या आपत्कालीन विभागातल्या हेलीन डॉनेली या परिचारिकेने २००७ मध्ये याबद्दल लेखी तक्रार केली. तिला सहकाऱ्यांकडून धमकावणी सोसावी लागली, आणि शेवटी तिने ती नोकरी सोडली. पुढे या रुग्णालयाबद्दलच्या, रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीत तिने साक्ष दिली. अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत कर्मचाऱ्यांनी निर्धास्तपणे येऊन बोलावं यासाठी खास पद नेमलं गेलं. डॉनेली यांनी स्वतःही तशाच प्रकारचं काम पत्करलं: ज्यांना वरिष्ठांपुढे तोंड उघडता येत नाही, त्यांचं ऐकून घेण्याचं.