काराबाख: धर्मयुद्ध नव्हतंच

काराबाख हा अझरबैजानमधला, तेव्हा आर्मेनियन वस्तीचा वादग्रस्त प्रदेश; त्यावरून २०२० मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानचं युद्ध झालं. तेव्हापासून एक फॉरवर्ड फिरतोय: 'काराबाखमध्ये ख्रिश्चन आर्मेनियामागे रशिया, मुस्लिम अझरबैजानमागे तुर्कस्तान, म्हणजे धर्मयुद्धच.' तुर्कस्तानचे बायरक्तार ड्रोन अझरबैजानकडे होते, एवढं बरोबर. पण रशियाने वर्षानुवर्षं शस्त्रं दोघांनाही विकली! शियाबहुल अझरबैजानला इस्रायलनेही शस्त्रं दिली, तर शिया इराणचं सूत आर्मेनियाशी जुळलेलं. आता यात धर्म शोधायचा कुठे? युद्धबंदीनंतर रशियाचे १,९६० शांतिसैनिक नेमले गेले, आणि देखरेखीसाठी अझरबैजानमधल्या अग्दामजवळ रशियन व तुर्की अधिकारी चक्क एकाच केंद्रात बसले. डिसेंबर २०२२ मध्ये आर्मेनियाला काराबाखशी जोडणारा लाचिनचा रस्ता याच शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत अडवला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने काराबाख घेतलं, तेही त्यांनी रोखलं नाही. लाखभर आर्मेनियन घरदार सोडून गेले.